धूर उजवीकडे

मी फक्त चित्रं काढली. शब्द तिचे.
म्हणून माझ्यावर फार विश्वास ठेवू नका,
चित्रकाराला न पाहिलेलंही रंगवायची सवय असते.

हिल्या वारिक.
आमच्या भाषेत हिल्या म्हणजे उशिरा.
दोन आठवडे उशिरा जन्मली, म्हणून आईने ठेवलेलं नाव.
पाद्री म्हणाला, बाई, नीट विचार करा.
आई म्हणाली, लिहा.

एकोणपन्नासचा मार्च. सारेमा बेटावर अजून बर्फ.
नऊ वर्षांची हिल्या मावशीकडे गेली
राईच्या पावासाठी आंबवण मागायला.
मावशीने तिथेच तिचे केस विंचरले,
वेणी घालायला वेळ लागला.
परतली तेव्हा अंगणात ट्रकच्या चाकांचे दोन चर,
चुलीवर किटली, अजून गरम,
आणि बाकावर विणकाम:
उजवा हातमोजा पुरा,
डावा अंगठ्यापर्यंत, सुयांवरच.

आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही.
मावशी सात वर्षं म्हणत राहिली, ‘आई येते.’
व्याकरणाची एकही चूक न करता.

आई आली. छप्पन्नच्या पानगळीत,
सायबेरियातून, समोरचे दात हरवून.
बसली. सुया उचलल्या.
डावा हातमोजा पुरा केला,
नऊ वर्षांच्या हाताच्या मापाचा.
हिल्या तेव्हा सोळाची,
मासळीच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावणारी.
दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.
हातमोजा खिळ्याला टांगला गेला.

तिथून तिचं पहिलं पुस्तक:
आपला हात शोधत निघालेला एक डावा हातमोजा.
उरलेल्या लेबलांच्या पाठीवर लिहिलेलं;
प्रकाशनगृहातली मांजर त्या हस्तलिखितावरून उठेना.

तालिनचा तपासनीस सभ्य माणूस होता.
पेन्सिल टोकदार, नखं स्वच्छ.
‘याला उडवून नेणारा वारा पश्चिमेकडून का येतो?’
बेटावर तिकडूनच येतो, हिल्या म्हणाली.
‘पुस्तकात दक्षिणेकडून येईल.’
आला.

तेव्हा आमच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी
सैनिक वाळूवर कुळव फिरवायचे,
रात्री कुणी पळालं तर सकाळी पाऊल दिसावं म्हणून.
मी कागद पुढे ओढला.
डावीकडे समुद्रात सूर्य बुडवला
आणि चिमणीचा धूर उजवीकडे झुकवला.
तपासनीसाने चित्राखाली सही केली.
चित्रं लहान मुलांसाठी असतात, असं त्याला वाटत असावं.

बहात्तर साली कुरेसारेच्या वाचनालयात
(नकाशावर तेव्हा गावाचं नावही दुसरंच होतं)
बाहेर आलेल्या कानांचा एक पोरगा उभा राहिला, तार्वो.
‘वारा दक्षिणेचा, मग धूर असा का?’
शिक्षिकेने खुर्चीची पाठ घट्ट धरली.
हिल्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती.
‘तुला काय वाटतं?’
‘पुस्तक चुकलंय. धूर बरोबर आहे.’
‘मग बस खाली.’

पुढे एकवीस पुस्तकं झाली.
बोलणारा बंब, आळशी दीपस्तंभ, उरलेली मला आवडत नाहीत.
मुलांच्या पत्रांना ती उत्तरं द्यायची, प्रत्येकाला,
पण चार-चार वर्षांनी;
तोवर पोरं सैन्यात गेलेली असत,
आणि बराकीत पत्र पोचायचं:
‘प्रिय छोट्या मित्रा.’

देश मोकळा झाला.
केर्टू नावाची तरुण संपादिका आली, डोळ्यांत पाणी घेऊन:
आता वारा पश्चिमेचा करूया.
हिल्या नको म्हणाली.
मी भांडलो. पंचवीस वर्षं मी त्या धुराचा अभिमान बाळगला होता,
कुणालाही न सांगता.
ती कॉफी ढवळत म्हणाली,
‘वारा सरळ केला, तर तुझा धूर नुसता धूर होईल.’

गेल्या फेब्रुवारीत ती गेली.
फेरी बंद होती. गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्याने गेलो,
ताशी पंचवीस, पट्टा न लावता, नियमच तसा आहे.
पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती.
खड्डा खणणारे दोघे थर्मासमधून चहा पीत होते.
‘उशिरा आलात,’ एकजण म्हणाला,
म्हणजे त्याने तिचंच नाव घेतलं.

सवयीने बोट ओलं करून वर धरलं.
वाराच नव्हता.
चर्चमागच्या घराचा धूर
सरळ वर चालला होता.